हिवाळा, सायकल आणि धुळ्याचा रस्ता

जळगावात पहाटे मेहरूण तलावाच्या बाजूला गेलात तर दोन तऱ्हेचे सायकलवाले दिसतील. एक, डोक्याला हेल्मेट, अंगाला घट्ट रंगीत कपडे, आणि खाली एका हाताने उचलता येईल अशी हलकी सायकल. हे लोक हौसेने, तब्येतीसाठी सायकल चालवतात, आणि चांगले करतात. दुसरे म्हणजे आम्ही. आमच्या सायकलला कॅरिअर असते, कॅरिअरला डबा असतो, आणि वजन म्हणाल तर वीस किलोच्या आसपास. आम्ही हौसेने निघालेलो नसतो, पाळीला निघालेलो असतो.

आम्ही म्हणजे चौघे. राहायला सगळे पिंप्राळ्याच्या बाजूला, आणि काम एमआयडीसीत. दोघे चटईच्या कारखान्यात, एक दालमिलमध्ये, एक वर्कशॉपमध्ये टर्नर. जायला सात किलोमीटर, यायला सात. आमच्यातल्या थोरल्यांना आम्ही तात्या म्हणतो. त्यांचे वय बावन्न, आणि त्यांची सायकल आमच्यातल्या धाकट्याच्या वयाची. ती अ‍ॅटलस आहे. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, आणि ३ जून हा नेमका जागतिक सायकल दिन. तात्या ही गोष्ट दर महिन्याला एकदा तरी सांगतात. कारखाना बंद पडला पण आमची सायकल चालू आहे, असे त्यांचे पुढचे वाक्य ठरलेले असते.

२०२४ च्या पावसाळ्यात राज्यात चिकुनगुनियाची साथ जोरात होती. आमच्या गल्लीत घर सोडून घर माणूस पडले. तात्या ऑगस्टच्या अखेरीस पडले. ताप चार-पाच दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. मनगट, घोटे, गुडघे. सकाळी उठले की बोटांनी पेला धरता येईना. या तापाचे नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतले आहे, आणि त्याचा अर्थच मुळी वाकून जाणे असा आहे. टांझानियाच्या त्या भागात १९५२ साली हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला. नाव ठेवणाऱ्याने बरोबर ठेवले असे म्हणावे लागते, कारण ताठ चालणारे आमचे तात्या गल्लीतून भिंतीला हात लावून चालू लागले.

महिनाभराने ते कामावर आले, पण सायकलवर नाही. रिक्षाने. जाता तीस आणि येता तीस, म्हणजे रोजचे साठ रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर १५६० रुपये झाले. ज्याच्या घरी दोन मुले शिकत आहेत, आणि दीड महिन्याची रजा बिनपगारी झाली आहे, त्याला १५६० रुपये म्हणजे काय हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. शिवाय रक्ततपासणीत साखर काठावर निघाली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते की, सांधे मोकळे झाले की चालायला लागा, सायकल चालवत होता तर हळूहळू तीही चालवा, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत गोळ्या चालू कराव्या लागतील.

तात्या येत नाहीत म्हटल्यावर आमचाही मेळ मोडला. एकाची रात्रपाळी लागली, एकाला भावाने मोटारसायकलवर न्यायला सुरुवात केली, आणि धाकटा एकटाच किती दिवस घंटी वाजवत जाणार? दिवाळीची सुटी संपेपर्यंत चौघांच्याही सायकली भिंतीला टेकलेल्या होत्या. आमची दुसरीही एक रीत होती. दर हिवाळ्यात एकदा आम्ही सायकलने धुळ्याला जायचो, तात्यांच्या बहिणीकडे. जळगाव ते धुळे सुमारे ९० किलोमीटर. त्या आत्यांना मालक नाहीत, मूलबाळ नाही, देवपूर भागात एका खोलीत राहतात. भाऊ सायकलने येतो याचे त्यांना मोठे कौतुक. नोव्हेंबरात त्यांनी फोनवर विचारले, यंदा कधी येता? तात्यांनी फोन आमच्यापैकी एकाच्या हातात दिला आणि ते बाहेर जाऊन बसले.

आता हिवाळ्याचे सांगतो. युरोपात हिवाळा आला की बऱ्याच ठिकाणी हौसेच्या सायकली आत जातात. तिकडे बर्फ पडतो, रस्ते गोठतात, म्हणून काही शर्यतवाले खेळाडूसुद्धा घरात लोखंडी रोलरवर सायकल चढवून जागच्या जागी चालवतात, आणि वसंत ऋतूची वाट पाहतात. आपल्या खानदेशात सगळे उलटे. मे महिन्यात जळगावात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी सायकल चालवणे म्हणजे तव्यावर चालणे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डात भरतो. अंग तयार करायला आपल्याला निसर्गाने दिलेले महिने तीनच, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पण आपला हिवाळाही काही लेचापेचा नाही. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याला आणि जळगावला पारा दहाच्या खाली उतरतो, आणि सूर्य उगवतो सातच्या सुमाराला. सातची पाळी असणाऱ्याने निघायचे ते अंधारातच. गोधडीतून पाय बाहेर काढणे हेच खरे चढाचे काम.

आमचे काम सोपे केले ते तात्यांच्या मुलीने. ती जळगावात बी.पी.एड. करीत होती. तिने एक दोनशे पानी वही केली, दोरीने दाराच्या चौकटीला बांधली, आणि पहिल्या पानावर चौघांची नावे लिहिली. म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही एकटे नाही. काका लोक पण लिहितील. ज्याचा रकाना रिकामा राहील त्याने संध्याकाळी येऊन कारण सांगायचे.’’ आम्ही हसलो. पण काकूंच्या समोर जाऊन कारण सांगणे ही काही हसण्याची गोष्ट नव्हती, हे पहिल्याच आठवड्यात कळले.

तिने आम्हाला एक अभ्यास समजावून सांगितला. अमेरिकेत १९८४ साली तो प्रसिद्ध झाला. दमसासाचा चांगला सराव असलेल्या सात जणांना व्यायाम पूर्ण थांबवायला लावला. पहिल्या २१ दिवसांत त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची ताकद ७ टक्क्यांनी घटली. ५६ दिवसांनंतर ती १६ टक्के कमी होऊन तिथे थांबली. म्हणजे घसरण होते, पण ती तळाला जात नाही. सुरुवातीची घसरण मुख्यत्वे रक्तातले पाणी कमी झाल्याने होते, हृदय एका ठोक्यात पूर्वीइतके रक्त ढकलू शकत नाही, म्हणून धाप लागते. पण वर्षानुवर्षांच्या सरावाने स्नायूंमध्ये ज्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या तयार झालेल्या असतात, त्या त्या काळात कमी झालेल्या दिसल्या नाहीत. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, गल्ल्या बुजलेल्या नाहीत. फक्त नळाला पाणी कमी आले आहे.’’ जळगावात राहणाऱ्या माणसाला नळाला पाणी कमी येणे चांगलेच समजते. तात्या पहिल्यांदा हसले ते त्या दिवशी.

अर्थात ते सात जण निरोगी होते, आणि तात्या आजारातून उठलेले. म्हणून तिने डॉक्टरीणबाईंना विचारून मगच वही पुढे नेली. ताप जाऊन बरेच दिवस झाले होते, छातीत काही नव्हते, सूज उतरत होती. ज्यांना छातीत दुखते, चक्कर येते, किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी आमचे वाचून उठू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. साखरेवाल्याने खिशात गुळाचा खडा ठेवावा हे तर आहेच.

पहिला आठवडा फक्त गल्ली. तात्यांनी सायकलवर बसून कोपऱ्यापर्यंत जायचे आणि यायचे, दहा मिनिटे. हे दिसायला सोपे. पण ज्या गल्लीने त्या माणसाला तीस वर्षे डबा बांधून सुसाट जाताना पाहिले, त्या गल्लीसमोर दहा मिनिटे डुगडुगत चालवणे सोपे नाही. ओट्यावरची पोरे म्हणायची, ‘‘तात्या, शिकून राहिले का?’’ तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीत काहीच लिहिले नाही. चौथ्या दिवशी पहाटे आम्ही तिघे आपापल्या सायकली घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलो, आणि चौघेही गल्लीतल्या गल्लीत दहा मिनिटे डुगडुगलो. पोरांना कोणाला हसावे ते कळेना. आमच्या मते सगळ्या हिवाळ्यातला तोच दिवस महत्त्वाचा. मनाचे म्हणाल तर मन एकट्याने उभे राहत नाही, त्याला शेजार लागतो.

दुसऱ्या आठवड्यापासून मेहरूण तलाव, सुटीच्या दिवशी. मुलीचा नियम एकच. चालवताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. वाक्य तुटले की वेग कमी करायचा. हौसेचे सायकलवाले मनगटाला यंत्र बांधतात, आम्ही एकमेकांना दालमिलच्या गोष्टी सांगत चालवायचो, तेच आमचे यंत्र. दुसरा नियम, आठवड्याचे एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा दहाव्या हिश्श्याहून फार वाढवायचे नाही. हा काही दगडावरचा लेख नाही, पण सांध्यांच्या माणसाला बरा. तिसरा, सकाळी उठल्याबरोबर अंथरुणातच मनगटाची नाडी मोजायची आणि लिहायची. तात्यांची नोव्हेंबरात ८८ होती. एखाद्या दिवशी ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोके जास्त भरली तर त्या दिवशी आराम. नाडीची ही युक्ती आम्हाला फार आवडली. तिला पैसा लागत नाही, आणि शरीर आपल्याशी काय बोलते ते आकड्यात दिसते.

याच काळात सायकली मिस्त्रीकडे नेल्या. तीन महिने उभ्या सायकलीचे ग्रीस घट्ट होते, चेन गंजते, ट्यूबमधली हवा जाते. मिस्त्रीने हब उघडले, छर्रे रॉकेलात धुतले, नवे ग्रीस भरले, चाकांचा आउट काढला, ब्रेकची रबरे बदलली. तात्यांच्या सायकलीचे पॅडल हाताने फिरवले तर आधी एक फेरा घेऊन थांबायचे, आता नुसते फिरत राहिले. तात्या म्हणाले, ‘‘माझे पण असे उघडून धुता आले असते तर!’’ अंगात जोर नाही असे ज्यांना वाटते त्यांनी आधी चाकात हवा आहे का ते पाहावे. निम्मा जोर तिथेच जातो.

सीटचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे सीट खाली ठेवण्याची रीत आहे, थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. तलावावर एक तरुण डॉक्टर रोज पातळ टायरच्या सायकलवर दिसायचे. एके दिवशी ते स्वतः थांबले, जयभीम केला, आणि म्हणाले, काका, गुडघा दुखतो ना? मग त्यांनी दाखवले. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल सर्वांत खाली आले की पाय सरळ झाला पाहिजे. मग पंजाने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, आणि ताण मांडीवर येतो. तात्यांची सीट दोन इंच वर गेली. सुरुवातीला त्यांना उंटावर बसल्यासारखे वाटले, पण आठ दिवसांत गुडघ्याची कुरकुर बरीच कमी झाली. हौसेचे आणि पोटाचे सायकलवाले एकमेकांशी बोलत नाहीत असे आम्ही म्हणत होतो, ते सगळ्यांच्या बाबतीत खरे नाही एवढे येथे नोंदवून ठेवतो.

त्याच डॉक्टरांनी आम्हाला दोनशे किलोमीटरच्या फेऱ्यांबद्दल सांगितले. फ्रान्समध्ये निघालेला हा प्रकार आता आपल्याकडेही चालतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे, वाटेत शिक्के घ्यायचे. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत आलेले सगळे सारखेच. आम्हाला हे पटले. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे दोघे भाऊ २०१५ साली अमेरिकेची रुंदी सायकलने पार करून आले. ती रेस अक्रॉस अमेरिका, सुमारे ४८०० किलोमीटर, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत. दोघांनी आळीपाळीने चालवत नऊ दिवसांच्या आत ती पुरी केली. पुढे २०१७ साली लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी आणि नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने बारा दिवसांच्या आत संपवली. पाळीच्या चहाला ही चर्चा निघाली तेव्हा आमचा टर्नर म्हणाला, ‘‘सगळे डॉक्टरच कसे रे भो? एखादा हमाल जात नाही का?’’ कोणी उत्तर दिले नाही. अशा शर्यतीला लागणारी सायकल, मागची गाडी, सोबतची माणसे यांचा खर्च मनात धरला तर उत्तर त्यातच आहे. पण आमच्यातला एक म्हणाला की, रोज चौदा किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे ८४ किलोमीटर. वर्षाला आपणही त्या अमेरिकेच्या जवळपास जातो, फक्त कोणी शिक्का मारत नाही. हिशेब करून पाहिला. वर्षाचे ४३०० च्या वर होतात.

थंडीबद्दल काही गोष्टी. एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. अंग तापले की एक काढून कॅरिअरला लावता येतो. छातीवर सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राचा कागद घालावा. हा गरिबाचा उपाय वाटेल, पण फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीतले खेळाडूही पूर्वापार डोंगर उतरताना प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन छातीवर घालत आले. कागद वारा अडवतो. आम्ही हेच साप्ताहिक घालतो, वाचून झाल्यावर. कानटोपी, हातमोजे नसले तर जुने पायमोजे हातात. नाकावर मफलरचा पदर. थंडीत तहान लागत नाही, पण तोंडातून वाफ जाते ती पाणीच असते, म्हणून तहान नसताना पाणी प्यावे. आणि पहिली दहा मिनिटे सावकाश, गार स्नायूंना एकदम ओढू नये.

खाण्याचे आपल्या खानदेशात कौतुकच करावे. बाजारात जी महागडी पुडकी मिळतात त्यांत काय असते? साखर आणि मीठ. आपल्याकडे रावेर-यावलची केळी आहे. दोन केळी, मूठभर शेंगदाणे आणि गूळ यांवर माणूस दीड तास चालवतो. घरी आल्यावर कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद दळलेला असतो, त्यामुळे तिच्यात नुसत्या ज्वारीपेक्षा जास्त जोर. हिवाळ्यात भरीत आहेच. काकूंनी मात्र भरितावरचे तेल निम्मे केले. तात्यांनी निषेध नोंदवला, तो मान्य झाला नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खंड पडला. आमच्यापैकी दोघे चैत्यभूमीला दादरला गेले. तीन रात्री जागरण, गर्दी, येताना सर्दी. परत आल्यावर नाडी वाढलेली, पाय जड. मुलीने वहीत त्या आठवड्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाली, आधीच्या आठवड्याच्याही मागे जा, तिथून धरा. दोघांना वाटले, सगळे गेले. दहा दिवसांत पूर्वीच्या जागी आले. २३ डिसेंबरला तात्या पहिल्यांदा सायकलने पाळीला आले. अंधारात, मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे दांडीला बांधलेली बॅटरी. आकाशवाणी चौकापासून अजिंठा चौफुलीपर्यंत आम्ही एकामागे एक, तात्या दुसऱ्या नंबरला. शहरातून जाणारा हा महामार्ग किती जीव घेऊन बसला आहे, आणि समांतर रस्त्यांसाठी जळगावच्या लोकांनी किती आंदोलने केली, ते सर्वांना माहीत आहे. म्हणून आम्ही कडेने जातो, आणि कडा नसेल तिथे उतरून चालतो. त्या दिवसापासून रोजचे साठ रुपये काकूंनी एका डब्यात टाकायला सुरुवात केली. जानेवारीच्या मध्यापर्यंत त्यात अकराशे साठ झाले. वीस दिवसांचे बाराशे व्हायला हवे होते, पण एक दिवस जाताना कडाक्याची थंडी होती म्हणून तात्यांनी रिक्षा केली, आणि दहा रुपये कुठे गेले ते अजून निघाले नाही.

आठवड्यातून एक दिवस शिरसोली रस्त्याने जैन हिल्सच्या चढाला जायचो. एक मिनिट जोर, तीन मिनिटे सावकाश, असे पाच वेळा. हे सपाटीवरच्या तासाभरापेक्षा जास्त दमवते, म्हणून एकच दिवस. जानेवारीत तात्यांची सकाळची नाडी ७४ वर आली. आत्यांना फोन तात्यांनीच केला.

शनिवार, २५ जानेवारी २०२५. आम्ही चौघे आणि मुलगी तिच्या भावाच्या गिअरवाल्या सायकलवर. उजाडल्यावरच निघालो, धुक्यात महामार्गावर जायचे नाही असे ठरलेले होते. बांभोरीला गिरणेच्या पुलावर वारा असा होता की डोळ्यांतून पाणी आले. पुलापलीकडे विद्यापीठ, मग पाळधी, मग दोन्ही बाजूंनी कापसाची उपटलेली शेते आणि हरभरा. या रस्त्याला आता राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणतात, आमच्या तोंडी अजून सहा नंबरच आहे. चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे चालले, त्यामुळे प्रत्येक हिवाळ्यात रस्ता वेगळाच भेटायचा. ट्रक जवळून गेला की त्याचा वारा आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. हँडल घट्ट पण कोपर ढिले ठेवावे लागते. एरंडोलला पावणेदहाला पोहोचलो. चहा, केळी. तात्या पूर्ण वाक्ये बोलत होते, नको इतकी.

एरंडोल सोडल्यावर पंधरा-वीस किलोमीटरने ते गप्प झाले. मुलगी त्यांच्या बरोबरीने चालवत होती, तिने दोनदा काही विचारले, त्यांनी मान हलवली. पारोळ्याला साडेबाराला थांबलो तेव्हा उजवा गुडघा सुजला होता. टपरीवाल्या म्हाताऱ्याने आम्हाला पाहून विचारले, ‘‘कथा चालनात भो?’’ आम्ही धुळे म्हणालो. त्याने गुडघ्याकडे पाहिले आणि बाकावरचे पोते सरकवून जागा करून दिली.

५५ किलोमीटर झाले होते, ३५ राहिले होते. तात्या म्हणाले, तासभर बसतो, मग निघतो. मुलगी म्हणाली, नाही. तात्या म्हणाले, बहिणीला सांगितले आहे सायकलने येतो. ती म्हणाली, ‘‘बाबा, सोमवारी पाळीला सायकलने जायचे आहे की आज धुळ्याला? दोन्ही होणार नाही.’’ बापलेकीत वाद चालू असताना आम्ही तिघांनी चहाच्या पेल्यांत पाहिले. आम्हाला कोणाचीच बाजू घेता येत नव्हती. शेवटी तात्या उठले, सायकल टपरीच्या मागे निंबाच्या झाडाला साखळीने बांधली, किल्ली म्हाताऱ्याकडे दिली, आणि आलेल्या एस.टी.त चढले. मुलगी आमच्याबरोबर राहिली. फागण्याजवळ आमच्या टर्नरची ट्यूब पंक्चर झाली, ती तिनेच काढली. धुळ्याला पावणेपाचला पोहोचलो. तात्या आत्यांच्या दारात गुडघ्याला गरम वाळूचे पुरचुंडे लावून बसलेले. आत्या म्हणाल्या, ‘‘अरे, हा बसने आला तर किती वर्षांनी याच्याशी दुपारचे बोलायला मिळाले! सायकलने येतो आणि जेवला की घोरतो.’’

दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. सकाळी तात्यांना सोडून आम्ही चौघे लळिंगला जाऊन आलो, धुळ्याहून आठ-दहा किलोमीटर. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले तेव्हा तिथल्या लांडोर बंगल्यात थांबले होते. दरवर्षी ३१ जुलैला तिथे माणसांचा समुद्र असतो. त्या सकाळी कोणी नव्हते, थंडी होती, आणि कुरणात मोर ओरडत होते. परतीला आत्यांच्या शेजाऱ्याचा भाजीचा टेंपो जळगावला येत होता, त्याने माणसे आणि सायकली दोन्ही घेतली.

२ फेब्रुवारीच्या रविवारी तात्या आणि मुलगी पहिल्या एस.टी.ने पारोळ्याला गेले. म्हाताऱ्याने सायकलीवर गोणपाट टाकून ठेवले होते, आणि चाकात हवाही भरून ठेवली होती. तिने टपरीवरच्या पोराची सायकल दिवसभरासाठी मागून घेतली. दोघे ३५ किलोमीटर चालवून धुळ्याला गेले, चार ठिकाणी थांबत, चार तासांत. आत्यांनी या खेपेला जेवण झाल्यावर घोरू दिले. वहीत त्या दिवसापुढे तात्यांच्या अक्षरात लिहिले आहे, ‘पारोळा ते धुळे, गुडघा ठीक, शेव भाजी तिखट.’ येताना मुलगी पारोळ्यापर्यंत सायकलवर, तात्या एस.टी.त, आणि तात्यांची सायकल पुन्हा त्याच टेंपोत.

पुढच्या तपासणीला साखर काठाच्या आत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हाळ्यातही सोडू नका. म्हणून मार्च लागल्यावर सुटीच्या दिवशीची फेरी आम्ही पहाटे पाचला आणली, आणि आठच्या आत घरी.

मुलगी आता बी.पी.एड. पास झाली आहे. वही भरली, दुसरी लावली. तिच्यात यंदा पाचवे नाव आहे, काकूंचे. त्या दालमिलमध्ये निवडायच्या कामाला जातात, आणि त्यांनाही जाता-येता साठ रुपये लागतात. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी रविवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर त्या सायकल शिकत आहेत. मागे धरायला तात्या धावतात, आणि धावताना पूर्ण वाक्य बोलतात. दोन फेऱ्या आता हात न लावता होतात. सीट मात्र त्यांनी अजून खालीच ठेवली आहे, आणि वर करायचे नाव काढू देत नाहीत.